बेसमेंटच्या छतावरचे डक्ट आणि पाइप: पेटी बांधायची कशी?

अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतलं की खाली अख्खा मजला फुकटात मिळाल्यासारखं वाटतं. भिंती सिमेंटच्या, जमीन सिमेंटची, जागा भरपूर. मान वर केली की मात्र हिरमोड होतो. घर गरम करणाऱ्या फर्नेसमधून निघालेला, हवा नेणारा पत्र्याचा जाडजूड डक्ट, त्यातून फुटलेल्या गोल शाखा, तांब्याचे आणि पीव्हीसीचे पाइप, वायरींचं जाळं आणि या सगळ्याला खेटून लोखंडी गर्डर. याच जागेत पुढे मुलांची खेळायची खोली, पाहुण्यांची खोली, दिवाळीचा फराळ, गाण्याची बैठक असं सगळं व्हायचं असतं.

भिंती उभ्या करायला कुणीही शिकवतं. नवा माणूस अडतो तो छताशी. डक्टभोवती लाकडाची चौकट करून वर ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे तक्ते, लावायचं, या पेटीला इथे सॉफिट किंवा बल्कहेड म्हणतात. सुतारकाम म्हणून त्यात फारसं काही नाही. टेप, करवत आणि ड्रिल धरता येणाऱ्याला ती जमते. पण पेटी कुठून कुठे न्यायची, कुठला पाइप आधीच हलवायचा आणि काय काहीही झालं तरी आत कोंडायचं नाही, हे ठरवायलाच खरा वेळ लागतो. म्हणून या लेखात पहिलं लाकूड बरंच पुढे कापलं जाईल.

पुढची मापं अमेरिकेतली आहेत. बहुतेक राज्यं इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड, म्हणजे घरबांधणीची नियमावली, थोडेफार बदल करून वापरतात. तुमच्या टाउनने त्यात काही फरक केला असेल तर तेच चालतं. कॅनडात प्रत्येक प्रांताचे आकडे वेगळे आहेत, ते तिथल्या बिल्डिंग डिपार्टमेंटकडून घ्या.

आधी छत वाचा

मास्किंग टेप आणि मार्कर घेऊन खाली जा. प्रत्येक पाइप, डक्ट आणि केबल कुठून येते, कुठे जाते ते शोधा आणि त्यावर टेप चिकटवून नाव लिहा: गरम पाणी, थंड पाणी, गॅस, वरच्या बाथरूमचं ड्रेन, ड्रायरचा व्हेंट, सम्प पंपाचा (खड्ड्यात साचलेलं पाणी उपसणाऱ्या) बाहेर जाणारा पाइप, रेडॉनचा (जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सर्गी वायूचा) पाइप. डक्टमध्ये गरम-गार हवा खोल्यांत नेणारा कुठला आणि हवा परत आणणारा कुठला, तेही लिहा. एखादा पाइप कळला नाही तर वर कुणाला तरी नळ सोडायला सांगा आणि पाइपाला हात लावून बघा.

मग कागदावर वरून दिसेल तसा नकाशा काढा. नकाशा काढला की एक गोष्ट बहुतेक घरांत दिसते. मुख्य डक्ट गर्डरच्या बाजूने, त्याला समांतर धावतो आणि शाखा जॉइस्टच्या, म्हणजे वरचा मजला पेलणाऱ्या आडव्या तुळयांच्या, मधल्या पोकळीतून जातात. म्हणजे गर्डर आणि डक्ट दोन्ही एकाच रुंद पेटीत जातात. दोन अरुंद पेट्या आणि मध्ये हातभर खोबण, असं करू नका. त्या खोबणीत ड्रायवॉलची पुट्टी लावताना जीव जातो आणि दिसतंही विचित्र.

आता उंची. राहण्याच्या खोलीला तयार जमिनीपासून तयार छतापर्यंत किमान ७ फूट लागतात. बेसमेंटमध्ये गर्डर, डक्ट आणि त्यांच्या पेट्या यांना सवलत आहे, त्यांच्याखाली ६ फूट ४ इंच असले तरी चालतं. बाथरूम आणि लाँड्रीला ६ फूट ८ इंच. जिन्यावरही ६ फूट ८ इंच मोकळे हवेत आणि नेमका तिथेच, शेवटच्या पायरीवर, पेटीचा कोपरा येतो. ते माप आधी घ्या.

हिशेब असा करायचा. समजा सिमेंटपासून जॉइस्टच्या खालच्या कडेपर्यंत ९४ इंच आहेत आणि डक्ट जॉइस्टखाली साडेआठ इंच लोंबतो. डक्टखाली अर्धा इंच हवा सोडली, आडवी पट्टी दीड इंचाची, ड्रायवॉल अर्धा इंच. एकूण ११ इंच गेले, उरले ८३. खाली विनाइल प्लँक आणि त्याखालचा थर मिळून अर्धा इंच. शिल्लक साडेब्याऐंशी इंच, म्हणजे ६ फूट साडेदहा इंच. कोडच्या दृष्टीने ठीक. पण त्याच पेटीखाली दरवाजा यायचा असेल तर? नेहमीच्या ८० इंची दरवाजाच्या चौकटीला साधारण ८२ ते साडेब्याऐंशी इंच उंच मोकळी जागा लागते आणि भिंतीच्या वरच्या पट्टीला आणखी दीड इंच. बसला तर घासून बसेल, वरची नक्षीपट्टी लावायला जागाच उरणार नाही. हे कागदावर कळलं तर दरवाजा दोन फूट सरकवता येतो. स्टड, म्हणजे भिंतीचे उभे दांडे, उभे झाल्यावर कळलं तर दरवाजा कापावा लागतो.

जमीन सपाट असेलच असं नाही. चार-पाच ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा.

जे हलतं ते आधी हलवा

खोलीच्या मधून एकच पाइप आडवा जातोय आणि त्याच्यासाठी पूर्ण लांबीची पेटी बांधायचा बेत आहे, असं दिसलं की थांबा. पाण्याचा पाइप असेल तर प्लंबर तो थोडक्या वेळात जॉइस्टच्या पोकळीत चढवून देतो, आता बरेच जण पेक्स हा प्लास्टिकचा पाइप वापरतात, तो वाकतो. छताच्या मधोमध आलेली पेटी कायम डोळ्यांत खुपते, तिच्यापुढे प्लंबरचे पैसे मला तरी वसूल वाटतात.

वायरी जॉइस्टच्या खालून ठोकलेल्या असतील तर त्या भोकांतून न्यायच्या. भोकांचे नियम पक्के आहेत. साध्या लाकडी जॉइस्टला भोकाचा व्यास उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको आणि भोक वरच्या-खालच्या कडेपासून किमान २ इंच आत हवं. खालच्या कडेला खाच पाडायचीच असेल तर ती कधीही मधल्या तृतीयांशात नाही. नव्या घरांत बऱ्याचदा इंग्रजी 'आय' अक्षरासारखे जॉइस्ट असतात. त्यांच्या वरच्या-खालच्या जाड पट्ट्यांना करवतच काय, ड्रिलही लावायचं नाही. मधल्या पातळ फळीत भोक कुठे आणि केवढं चालेल ते कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं.

ड्रेनचं तसं नाही. ते फुटाला पाव इंच उतारावर असतं, तो उतार मोडला की वरचं टॉयलेट तुंबायला लागतं. ड्रेन आहे तिथेच ठेवा आणि पेटी त्याच्या सर्वांत खालच्या टोकाच्या मापाने करा. पेटी मात्र उतारावर बांधू नका, ती पाणसळीतच हवी. डक्टची मुख्य नळीही हलवू नका. गोल शाखा मात्र बऱ्याचदा उगाच खाली लोंबत असतात, त्या एक कोपर-जोड घालून वर चढतात.

ड्रायरचा व्हेंट कडक पत्र्याचा, ४ इंची, आतून गुळगुळीत हवा. जोडांचे स्क्रू आत आले की कापसाचा भुगा त्यावर अडकतो आणि आगीला निमित्त होतं. प्लास्टिकची किंवा फॉइलची घडीची नळी पेटीत अजिबात नको. लांबीची मर्यादा ३५ फूट, त्यातून प्रत्येक काटकोनी वळणाचे ५ फूट वजा.

पेटीत काय कोंडायचं नाही

पाण्याचे सगळे व्हॉल्व्ह. मुख्य व्हॉल्व्ह कुणी विसरत नाही. विसरतात तो बाहेरच्या बागेच्या नळाचा आतला व्हॉल्व्ह. हिवाळ्याआधी तो बंद करून नळातलं पाणी काढावं लागतं, नाहीतर पाइप गोठून फुटतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने घर विकत घेतलं तेव्हा बेसमेंट आधीच्या मालकाने सुंदर करून ठेवलं होतं. पहिल्या थंडीत तो व्हॉल्व्ह शोधायला ड्रायवॉलला तीन खिडक्या पाडाव्या लागल्या.

ड्रेनचे क्लीनआउट, म्हणजे पाइपाला आट्यांचं झाकण असतं ती जागा. प्लंबरचा साप, म्हणजे तुंबलेलं मोकळं करायची लांब तार, तिथूनच आत जातो. झाकणासमोर हत्यार फिरवायला जागाही सोडा, नुसतं झाकण दिसून उपयोग नाही.

विजेचे जंक्शन बॉक्स, म्हणजे वायरींचे जोड असलेले डबे. ड्रायवॉलमागे एकही बॉक्स गाडता येत नाही, इन्स्पेक्टर यात सूट देत नाहीत. बॉक्स हलवा, काढून टाका किंवा त्याच्यासमोर कोरं झाकण दिसेल अशी सोय करा. मुख्य पॅनेलसमोर ३० इंच रुंद आणि ३६ इंच खोल जागा कायम मोकळी लागते.

डक्टमधली हवा कमी-जास्त करणाऱ्या डँपरचे दांडे, गॅसचे व्हॉल्व्ह आणि खोलता येणारे युनियन जोड, सम्प पंपाचा एकमार्गी व्हॉल्व्ह, पाण्याचा मीटर. या सगळ्यांसमोर झडप, म्हणजे उघडता येणारं झाकण, हवी. प्लास्टिकची स्प्रिंगवाली झडप हार्डवेअरच्या दुकानात मिळते. एकाच ठिकाणी दोन-तीन गोष्टी असतील तर तीन छोट्या झडपांपेक्षा एक मोठी बरी, हात कोपरापर्यंत आत गेला पाहिजे.

फर्नेस आणि वॉटर हीटरचा धूर नेणारा पाइप हे वेगळंच प्रकरण. एकपदरी पत्र्याच्या पाइपापासून लाकूड आणि ड्रायवॉल ६ इंच लांब हवं. दुपदरी बी-व्हेंट असेल तर १ इंच पुरतो, अंतर पाइपावरच छापलेलं असतं. नव्या हाय-एफिशिअन्सी फर्नेसचे पाइप पीव्हीसीचे असतात, ते एवढे तापत नाहीत, तरी त्या फर्नेसच्या पुस्तिकेत बघा. एकपदरी पाइपाभोवती पेटी बांधण्याच्या फंदात पडू नका. तो भाग फर्नेसच्या खोलीतच, उघडा राहू द्या.

आणि ती खोलीही गच्च बंद करू नका. आतली हवा खाऊन जळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या उपकरणांना तासाच्या दर १,००० बीटीयूमागे (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) ५० घनफूट जागेतली हवा लागते. फर्नेस आणि हीटर मिळून १,००,००० बीटीयू असतील तर ५,००० घनफूट झाले. आठ फुटी छताच्या हिशेबाने ही साधारण २५ बाय २५ फुटांची जागा. छोट्या खोलीत एवढं नसतंच, म्हणून जाळीचा दरवाजा किंवा वर-खाली झरोके द्यावे लागतात. बाहेरून हवा घेणारी दोन पाइपांची फर्नेस असेल तर तिच्यापुरता हा हिशेब लागत नाही, शेजारच्या वॉटर हीटरला मात्र लागू शकतो.

घर १९८० च्या आधीचं असेल तर आणखी एक. डक्टच्या जोडांवर पांढरट कागदी पट्टी किंवा पाइपांवर प्लास्टरसारखं जाड वेष्टन दिसलं तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. खरवडू नका, झाडू नका. नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय तिथे हात घालायचा नाही.

पर्मिट

बेसमेंट राहण्याजोगं करायला पर्मिट लागतं. स्वतःच्या राहत्या घरात मालकाने स्वतः काम करायला बऱ्याच ठिकाणी परवानगी असते, अटी टाउनच्या ऑफिसात कळतात. शिकागो परिसरात वायरिंग धातूच्या कॉन्ड्युटमधूनच करावं लागतं, म्हणजे पेटीत वाकणारी केबल सोडून चालत नाही, त्या नळ्यांची जागाही आखणीत धरायची. चौकट, वीज, प्लंबिंग आणि डक्ट हे सगळं उघडं असताना तपासलं जातं, त्याआधी ड्रायवॉलचा एकही तुकडा लावू नका. गणपतीला बेसमेंट तयार हवं असं ज्यांनी मनात धरलंय, त्यांनी अर्ज थंडीतच टाकावा.

पर्मिट न काढता उरकणारे पुष्कळ आहेत. घर विकताना किंवा पाणी शिरून विम्याचा दावा करताना ते अंगाशी येतं.

बंद करण्याआधी आतलं काम उरका

डक्टच्या जोडांमधून हवा गळते. जोडांवर मॅस्टिक, म्हणजे ती करड्या रंगाची घट्ट पेस्ट, ब्रशने लावा, किंवा यूएल १८१ छापलेली फॉइलची टेप. कापडी डक्ट टेप डक्टला लावू नका, तापून वाळते आणि गळून पडते.

बेसमेंटला स्वतःची हवा हवी. हवा सोडणाऱ्या जाळ्या कुठे येणार ते आत्ताच ठरवा आणि परत जाणाऱ्या हवेचीही एक वाट ठेवा. परतीची वाट नसेल तर दार लावलं की खोली कोंदट होते. परतीची जाळी फर्नेसच्या खोलीत किंवा धुराच्या पाइपाजवळ मात्र घेऊ नका, धूर उलटा ओढला जाऊ शकतो.

थंड पाण्याच्या पाइपांवर फोमची नळी चढवा. उन्हाळ्यातल्या दमट हवेत उघड्या पाइपाला घाम सुटतो, तो पेटीच्या ड्रायवॉलवर ठिबकतो आणि वर गळती लागल्यासारखे पिवळे डाग पडतात. पीव्हीसीच्या ड्रेनभोवती मिनरल वूल गुंडाळा. वरचं टॉयलेट फ्लश झालं की खाली धबधबा ऐकू येतो, तो बराच दबतो.

रेडॉनची चाचणी केली नसेल तर आता करा. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेचा उपाय करण्याचा आकडा ४ पिकोक्युरी प्रति लिटर आहे, कॅनडात २०० बेक्वेरेल प्रति घनमीटर. पाइप टाकायचा निघाला तर तो पेटीतून जायला हवा, पेटी झाल्यावर नव्हे.

लाकूड

पेटीला टू-बाय-टू पट्ट्या पुरतात. नावात दोन असले तरी प्रत्यक्ष माप दीड बाय दीड इंच. दुकानातल्या स्वस्त टू-बाय-टू बहुतेक पिळलेल्या असतात. एकेक उचलून डोळ्याच्या रेषेत धरून बघा, निम्म्या परत ठेवाव्या लागतील. टेबल सॉ असेल तर चांगला टू-बाय-फोर उभा चिरून दोन पट्ट्या काढणं उत्तम. ३ फुटांपेक्षा रुंद पेटी असेल तर खालच्या आडव्या पट्ट्या टू-बाय-फोरच्या घ्या, आडव्या झोपवून. उभ्या लावल्या तर २ इंच उंची फुकट जाते.

स्क्रू बांधकामाचे, अडीच आणि तीन इंची. ड्रायवॉलचे काळे स्क्रू चौकटीला वापरू नका, ते ठिसूळ असतात, भार आला की मुंडी तुटते. टू-बाय-टूच्या टोकाला आधी बारीक भोक पाडा, नाहीतर लाकूड चिरतं. बाकी खडूची दोरी, लेझर लेव्हल, गुण्या आणि चष्मा. डोक्यावरच्या कामात भुसा सरळ डोळ्यांत येतो.

आखणी आणि शिडी

एक, डक्टची रुंदी मोजा आणि दोन्ही बाजूंना एक-एक इंच मोकळा सोडा. डक्ट तापला की फुगतो, गार झाला की आकसतो, लाकडाला टेकला असेल तर फर्नेस चालू होताना टक्-टक् आवाज करतो. २० इंची डक्टला आतलं माप २२ इंच झालं. दोन्ही बाजूंच्या दीड-दीड इंची चौकटी धरून बाहेरून २५, ड्रायवॉलसकट २६.

दोन, जॉइस्टच्या खालच्या कडेवर दोन्ही बाहेरच्या रेषा मारा. दोन टोकांना खिळा ठोकून खडूची दोरी ताणा आणि टिचकी द्या. रेष डक्टला समांतर न मारता खोलीच्या भिंतीला समांतर मारा. डक्ट बसवणाऱ्याने तो तिरका बसवलेला असतो आणि तो तिरकेपणा कुणाला दिसत नाही. पेटी तिरकी असेल तर पहिल्याच पाहुण्याला दिसते. रेषा मारल्यावर डक्ट कुठे रेषेला शिवत नाही ना, ते सगळ्या लांबीवर बघा.

तीन, बाजूच्या चौकटी जमिनीवर बनवा. चौकट म्हणजे आडवी झोपवलेली शिडी: वर-खाली दोन लांब टू-बाय-टू आणि मध्ये दर १६ इंचांवर उभा तुकडा. वरच्या उदाहरणात डक्ट साडेआठ इंच खाली, अर्धा इंच हवा, खालची पट्टी दीड इंच, म्हणजे शिडीची एकूण उंची साडेदहा. दोन्ही लांब पट्ट्यांचे ३ इंच वजा केले की मधला तुकडा साडेसात इंचांचा. हे तुकडे एकदम, करवतीला एक ठोकळा अडवून कापा, म्हणजे सगळे एकसारखे येतात. शिडी ८ फुटांपेक्षा लांब करू नका, एकट्याला वर उचलता येत नाही.

जॉइस्टच्या खालच्या कडा बहुधा एका पातळीत नसतात. एखादा पाव इंच खाली, एखादा वर. म्हणून शिडी वर दाबून घट्ट करायच्या आधी भिंतीवर लेझरने पेटीच्या खालच्या कडेची रेष मारा. शिडी त्या रेषेला धरायची, आणि जॉइस्टशी जिथे फट राहील तिथे पाचर सारायची. पेटीची उंची ठरवताना सर्वांत खाली आलेला जॉइस्ट धरलात तर पाचरीवर निभावतं.

चार, शिडीची वरची पट्टी खडूच्या रेषेला लावून प्रत्येक जॉइस्टमध्ये तीन इंची स्क्रू मारा. स्क्रू मारायच्या आधी त्या जागी वर काय आहे ते बघा. जॉइस्टच्या भोकातून गेलेली केबल किंवा पाइप अशा वेळीच सापडतो, नको तसा. दुसऱ्या बाजूची शिडी तशीच. ओळंबा सोडून दोन्ही बाजू सरळ खाली येतात का ते तपासा.

पाच, दोन्ही शिड्यांच्या खालच्या पट्ट्यांमध्ये २२ इंचांच्या आडव्या पट्ट्या, दर १६ इंचांवर. दर २४ इंचांवरही चालतं, पण अर्धा इंची ड्रायवॉल मध्ये किंचित झुकतं आणि बाजूने उजेड पडला की ते दिसतं. लाकडाचे पैसे एवढे नाहीत. दिवे यायचे असतील तर त्यांच्या जागा सोडून पट्ट्या लावा. डक्टखाली पट्ट्यांच्या मध्ये दोनच इंच जागा मिळते, त्यात चपटा एलईडी दिवा बसतो का ते आधी बघा. बसत नसेल तर दिवे डक्टच्या बाजूला, पेटीच्या मोकळ्या भागात घ्या.

पेटी भिंतीला लागून असेल तर एकच शिडी लागते. दुसऱ्या बाजूला भिंतीच्या स्टडवर लेझरच्या रेषेत टू-बाय-टू ठोका आणि आडव्या पट्ट्यांची टोकं त्यावर टेकवा. डक्ट सिमेंटच्या भिंतीजवळून जात असेल तर भिंत आधी की पेटी आधी, असा प्रश्न पडतो. भिंत उभी राहिल्यावर डक्टमागे ड्रिल पोचतंय का, हे बघायचं. पोचत नसेल तर पेटी आधी.

पेटी जॉइस्टला समांतर जात असेल तर स्क्रू मारायला वर लाकूडच नसतं. दोन जॉइस्टमध्ये दर १६ ते २४ इंचांवर आडवे ठोकळे बसवा आणि शिडी त्यांना लावा. हे ठोकळे पुढे छताच्या ड्रायवॉलची कड धरायलाही लागतात.

गर्डरच्या लोखंडात भोकं पाडायची गरज नाही. शिड्या त्याच्या दोन्ही बाजूंनी जॉइस्टलाच लटकतात. खालच्या खांबाभोवती चार टू-बाय-फोरची चौकट करता येते, ती खांबाला न जोडता वर-खाली बांधायची. सिमेंटला टेकणारं लाकूड दाबप्रक्रिया केलेलंच (प्रेशर-ट्रीटेड) घ्या.

ओएसबीचा, म्हणजे लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या तक्त्याचा, मार्गही आहे. शिडीऐवजी ७/१६ इंची ओएसबीची लांब पट्टी आणि तिला वर-खाली टू-बाय-टू. पट्टी सरळ राहते, पटकन होतं. टेबल सॉ नसलेल्याने मात्र शिडीच करावी. पत्र्याचे हलके स्टड वापरणारेही आहेत. ते पिळत नाहीत, वजन नसतं, कात्रीने कापले जातात. लांबलचक, सरळ पेटी असेल तर मी तेच सुचवेन, फक्त हातमोजे घालून, कडा ब्लेडसारख्या असतात.

आग अडवणारे तुकडे

नवशिक्यांची इन्स्पेक्शन इथे हमखास अडते. भिंतीतली उभी पोकळी पेटीतल्या आडव्या पोकळीला उघडी मिळत असेल तर भिंतीतली आग पेटीतून सगळ्या छताखाली पसरते. म्हणून त्या दोन पोकळ्यांच्या मध्ये अडथळा लागतो: दीड इंची लाकूड, पाऊण इंची प्लायवूड, अर्धा इंची ड्रायवॉल किंवा घट्ट बसवलेलं मिनरल वूल. सर्वांत सोपं म्हणजे पेटीमागची भिंत जॉइस्टपर्यंत नेऊन तिला वरची पट्टी मारणं, किंवा पेटी चढवण्याआधी तेवढ्या भागात स्टडवर ड्रायवॉलची पट्टी लावून टाकणं. पेटी झाल्यावर तिथे हात जात नाही.

स्टडची भिंत आणि सिमेंटची भिंत यांत फट असेल तर ती वरून बंद हवी आणि आडव्या दिशेने दर १० फुटांना एक उभा अडथळा हवा. पट्ट्यांमधून जाणाऱ्या पाइप-वायरींच्या भोकांत फायरब्लॉकचा सीलंट भरा. नारिंगी फोम दिसला म्हणजे चालतो असं नाही, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि इन्स्पेक्टरला आधी विचारा.

ड्रायवॉल

इन्स्पेक्शन पास झालं की ड्रायवॉलआधी सगळ्या पेट्यांचे आतून फोटो काढा, प्रत्येक फोटोत मोजायची टेप ताणून ठेवलेली दिसू दे. पुढे कधी गळती शोधायची वेळ आली तर तेवढ्या फोटोंवर काम होतं.

आधी छताचं ड्रायवॉल, मग पेटीच्या बाजू, शेवटी तळ. तळाची पट्टी बाजूंच्या कडा झाकते. ड्रायवॉलचा तक्ता ४८ इंच रुंद असतो, त्यामुळे बाजू १२ इंचांच्या आत असेल तर एका तक्त्यात चार पट्ट्या निघतात, १३ इंच झाली की तीनच. आखताना एखाद्या इंचाची निवड हातात असेल तर हे लक्षात असू द्या. स्क्रू सव्वा इंचापेक्षा लांब नकोत. दीड इंची पट्टी पार करून स्क्रू डक्टला लागला तर शिट्टी वाजते, पाइपाला लागला तर त्याहून वाईट. कोपऱ्यांना कॉर्नर बीड, म्हणजे कड सरळ ठेवणारी पट्टी, लावताना लांब पट्टी धरून रेष बघा, पेटीचं सगळं रूप त्या एका कडेवर असतं.

झडपांचे चौकोन ड्रायवॉल लावतानाच कापून घ्या आणि चारही बाजूंना मागून लाकूड आहे ना ते बघा. रंगाचा शेवटचा हात वाळला की झडपेच्या कडेने ब्लेड फिरवा. नाहीतर रंगाने चिकटलेलं झाकण पहिल्यांदा उघडताना ड्रायवॉलचा पापुद्रा सोबत घेऊन येतं.